दोन काड्यांमधलं अंतर

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर ‘किती’ या शब्दाचा माझ्या मामाजींइतका कट्टर वैरी जन्मला नसेल. आसगावात कुणी सांगावं, पोराला ताप आहे. मामाजी किती ते विचारणारच नाहीत. "चढून राहिला का उतरून राहिला? अन् कोणत्या चालीनं?" गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण फळा सुटला नाही, तो त्यांनी गावभर पसरला. वरण कधी उतू जाईल हे ते फेसाच्या गतीवरून सांगतात, आणि सांगण्यात इतके रमतात की वरण उतू जातं. ‘ही व्यवस्था बदललीच पाहिजे’ असं छापलेली माझी पत्रकं त्यांनी शांतपणे वाचली आणि चष्मा पुसत या भाच्याला म्हणाले, "बदलन ना. पण भासेबुवा, कोणत्या चालीनं?" मला राग आला. अजूनही आहे, अन्यायाला हळूहळू जाण्याची सवलत का द्यावी?

नाल्याला पूर आला की मात्र गाव त्यांचंच ऐकायचं. लोक भांडीकुंडी उचलायचे आणि मामाजी पाण्याच्या कडेला बाभळीची काडी रोवून चहा पीत बसायचे. दर कपानंतर पाणी पोचेल तिथे नवी काडी. "पाणी चढूनच राहिलं, पण काड्या जवळ जवळ येऊन राहिल्या. थांबते आता." आणि थांबायचं. एकदा ते चहा आणायला घरात गेले, तेवढ्यात बकरीनं मधली काडी खाल्ली. परतल्यावर दुप्पट अंतर पाहून त्यांनी अर्धं गाव ढोरांसकट देवळाच्या ओट्यावर चढवलं. पाणी आलंच नाही. मामी वर्षभर विचारायची, "गुरुजी, आज बकरीचं गणित काय म्हन्ते?"

यंदा मामीला लकवा झाला. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दोघं रोज संध्याकाळी बसायची. तिला पुन्हा तिथवर चालत जायचं आहे. मामाजी रोज तिला धरून नेतात आणि ती थकून थांबते तिथे एक काडी रोवतात. परवा गेलो तेव्हा ऊन पाण्यात विरघळत होतं आणि काड्यांची रांग फाटकातून पाळीकडे निघाली होती. सुरुवातीला लांब लांब, मग जवळ, शेवटी जवळपास चिकटलेल्या. पाळ अजून दूर होती. ते गणित मला त्यांनीच शिकवलेलं.

"मामाजी, या काड्या..."

"मधात कायले पाह्यतं? कुठवर आली ते पाह्य."

शेवटच्या काडीपाशी ठेवलेल्या खुर्चीवर टेकलेली मामी जड जिभेनं म्हणाली, "गुरुजी, एखादी बकरी सोडा ना इकडं."

मामाजी खाली वाकले, शेवटून दुसरी काडी हलकेच उपटली आणि खिशात ठेवली. मग कितीतरी वेळ आम्ही तिघं त्या मोकळ्या झालेल्या अंतराकडे पाहत राहिलो.