आईची सही चालली नाही

समुद्राकाठी राहायचो म्हटलं की तुम्ही सगळे एकच विचारता, मजा येत असेल ना? तिथे राहायचं की निघायचं हे कोण ठरवत होतं, हे कधी विचाराल?

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छावणीत बाबांची तीन वर्षं पोस्टिंग होती. साहेबांचे बंगले समुद्राकडे तोंड करून, जवानांची फॅमिली क्वार्टर्स टेकडीमागे. आम्हाला समुद्र दिसायचा तो गच्चीवरच्या टाकीजवळ उभं राहिलं तर. खारा वारा मात्र सगळ्यांना सारखा. ट्रंकांवर रंगवलेलं बाबांचं नाव आणि नंबर तो खाऊन टाकायचा, आई ब्रश घेऊन पुन्हा गिरवायची. तिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. गेटवरच्या रजिस्टरातही ती 'हवालदार की फॅमिली'.

मी दहावीत असताना बाबांची सीमेवर बदली झाली. तिकडे कुटुंब नेता येत नाही. क्वार्टर दिवाळीनंतर रिकामं करायचं होतं आणि माझी परीक्षा फेब्रुवारीत. अर्ज केला तर परीक्षेपर्यंत राहू देतात, असं बायका सांगत. पण बाबा उंचावरच्या चौकीवर होते, फोन लागत नव्हता.

"तूच लिही," आई म्हणाली. "तुहा मामा एवढी पत्रकं धाडते, काई तं शिकली असशीन."

वर्ध्याजवळच्या नालवाडीचा मामा चळवळीची पत्रकं छापायचा आणि पोस्टानं आम्हाला गठ्ठा पाठवायचा. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. त्यामुळे विनंती कशी करतात हे मला माहीतच नव्हतं. मी मागणी केली. 'आम्ही सैनिकांच्या स्त्रिया' अशी सुरुवात, चार मुद्दे, खाली आईची सही. शेजारच्या साताऱ्याच्या काकूंनी वाचून कपाळाला हात लावला.

"अगं बये, ह्यो अर्ज हाय का मोर्चा? साहेब खुर्ची सोडून पळंल."

आई हसली. मीही हसले, पण एक शब्द बदलला नाही.

अर्ज आम्ही दोघींनी थेट ऑफिसात नेऊन दिला. दहा दिवसांनी तो परत आला. तिथल्या बाबूनं शांतपणे समजावलं, "बेटा, फॅमिली की सही नहीं चलती. जवान लिखेगा, उसकी यूनिट भेजेगी." माझ्या भाषेबद्दल तो काहीच बोलला नाही. खालची सही बघून त्यानं वरचं बहुधा वाचलंच नव्हतं.

बाबांची सही येईपर्यंत मुदत संपली. पुढच्या कुटुंबाच्या ट्रंका आमच्या व्हरांड्यात येऊन पडल्या. त्यातल्या एकीवर त्यांची बाई तान्ह्याला घेऊन बसली होती. ती आमच्याकडे बघत नव्हती, आम्हीही तिच्याकडे नाही.

दहावीला मधूनच दुसऱ्या शाळेत घेत नव्हते, माझं वर्ष गेलं. आम्ही वर्ध्याला आलो. मामाच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं, म्हणून जवळच्याच पिपरी मेघे गावात भाड्यानं खोली बघितली. शाळेला पत्त्याचा पुरावा हवा होता, म्हणजे भाडेकरार. घरमालकीण चांगली होती, तिनं चहा केला. मग विचारलं, "मालक कुठी राह्यते?"

"बॉर्डरवर."

"मंग करार कोनाच्या नावानं करू? एकट्या बाईच्या नावानं आमी करत नाई जी."

सोबत आलेला मामा ताडकन उठला. एक अख्खं पत्रक त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. आईनं हात धरून त्याला खाली बसवलं.

"राहू दे दादा. तूच सही करून टाक. पोरीचं अजून एक वर्ष नाई घालवत मी."

मामानं सही केली. मी त्याच्यावर कितीतरी दिवस रागावून होते, आईवरही. ती मात्र दुसऱ्याच दिवशी मला घेऊन शाळेत गेली. आज ती करारपत्राची झेरॉक्स हाती लागली की राग येण्याआधी थकवा येतो.

तुमच्याकडे एखादी खोली रिकामी असेल आणि एकटी बाई ती बघायला आली, तर तिच्यामागे कोण पुरुष उभा आहे हे शोधू नका. करारावर तिचं नाव लिहा आणि पेन तिच्याच हातात द्या.