आधी तब्येत, मग पंप

पंपांच्या आमच्या छोट्या कंपनीत गिऱ्हाइकांना फोन करायचं काम वीस वर्षं माझं. काल ते सॉफ्टवेअरमधल्या एआय मदतनिसाला शिकवायचं होतं. वाटलं, आठवडा जाईल. त्याने चारच प्रश्न विचारले आणि चहा निवायच्या आत तो तयार झाला. माणसाची वीस वर्षं चार रकान्यांत मावतात, हे मला ठाऊक नव्हतं. शेवटचा प्रश्न होता, 'गिऱ्हाइकाशी कसं बोलू?' मी लिहिलं, 'आधी तब्येत विचार, मग पंप.' आमच्या जुन्या गिऱ्हाइकाशी, बार्शीच्या काकांशी, मी तसंच बोलायचे.

आज टेबलावरचा फोन दिवसभर गप्प होता. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. चाचणीसाठी मी मदतनिसाला गिऱ्हाईक म्हणून माझाच नंबर दिला होता.

'नमस्कार ताई, तब्येत कशी आहे?'

हे विचारणारं मला आता कुणी नाही. मी गुडघ्यापासून झोपेपर्यंत सगळं लिहिलं.

'काळजी घ्या, ताई. पंप कसा चालतोय?'