फुल्लाच्या पाठीवरचा डोलारा

इजिप्तमधल्या लक्सरजवळच्या त्या गावात उंटवाला बक्री म्हटलं की त्याची सांडणी फुल्ला आलीच. बायको गेल्यापासून तर तो दिवसभर तिच्याशीच बोलायचा. पीराच्या उरुसात मखमली चादरींनी मढवलेला लाकडी डोलारा वाहून न्यायचा मान त्याच्या घराण्याचा, आजोबांच्या उंटापासून चालत आलेला.

त्या वर्षी उरूस तोंडावर आला आणि खोगिराखाली फुल्लाची पाठ चिघळलेली निघाली. बक्रीने तिला जनावरांच्या मोफत दवाखान्यात नेलं. डॉक्टर शिरीनने जखम धुतली.

"काका, यंदा हिच्या पाठीवर काही ठेवायचं नाही."

"पोरी, हे ओझं नव्हे. पीराचं काम आहे."

"असेल. पण दुखतंय हिला."

ती तावातावाने बोलली असती तर बक्री भांडला असता. पण ती औषध लावता लावता जखमेवर हळूच फुंकर घालत होती. तो फुल्लाला घेऊन घरी आला.

थोरली बहीण नजात कडाडली, "डोलारा शाजलीच्या दारात गेला तर वर जाऊन बापाला काय तोंड दाखवशील?"

शाजली चुलतभाऊ. जमिनीवरून वाजलं तेव्हापासून बोलणं बंद. आणि गावात दुसरा धडधाकट उंट होता तो त्याच्याचकडे.

बक्रीने फुल्लाच्या पाठीवर एक चादर नुसती ठेवून पाहिली. ती ओरडली नाही. कातडं मात्र थरथरायला लागलं. त्याने चादर उचलली आणि थेट शाजलीचं दार गाठलं.

"वाट चुकलास की काय?" शाजली हसला.

"यंदा डोलारा तुझ्या उंटावर जाऊ दे."

शाजलीचं हसू मावळलं. "फुल्ला गेली?"

"नाही रे. पाठ दुखतेय तिची."

शाजलीने त्याला आत बसवलं, चहा मागवला. "माझा उंट माजोरी आहे. ढोल वाजले की उधळतो. दोर तू धरणार असशील तर बघ."

उरुसाच्या दिवशी बक्री शाजलीचा उंट चुचकारत गल्लीत आला. दाराशी नजात उभी. तोंड फुगलेलं, पण हातातल्या फडक्याने ती फुल्लाच्या पाठीवरच्या माश्या वारत होती. बक्री थांबला. फुल्लाने मान लांबवून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

मागून शाजली ओरडला, "चल ना बाबा, पीर खोळंबलाय!"

"खोळंबू दे थोडा," बक्री म्हणाला आणि तिचा कान कुरवाळत राहिला.