सारजाबाईचे अकरा अँपियर

चिकलठाण्यातली पिठाची गिरणी सारजाबाई आणि तिचा नवरा मिळून चालवत. नवरा वारल्यावर ती अजिंठ्याकडे माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटून एसट्या बंद झाल्या. ती परतेपर्यंत धाकट्या दिराने, पुंजारामने, गिरणी बळकावली होती. सारजाबाई भांडली नाही. समोरच्या खोलीत तिने एक लहान चक्की मांडली आणि वाट पाहिली.

कारखान्यांमुळे वस्ती वाढली, तशी पुंजारामने मोठी मोटार आणली. जास्त करंट ओढला की मोटार बंद करणारा रिले किती अँपियरवर लावायचा, हे त्याला ठाऊक नव्हते. नाइलाजाने तो तिच्याकडे आला.

"मोटारीच्या पाटीवर काय लिव्हलंय?"

"साडेसात किलोवॅट, वहिनी."

"त्याची दीडपट कर. अकरावर लाव. तुझा भाऊ असंच करायचा."

नवऱ्याने तिला शिकवले होते ते वेगळेच. दीडपट हॉर्सपॉवरची करायची, किलोवॅटची दुप्पट. म्हणजे पंधरा. अकरावर मोटार जळणार नव्हती, फक्त गिरणीत दाणे जास्त पडले की थांबणार होती.

मोटार रोज थांबू लागली. अर्धवट दळलेली ज्वारी घेऊन बाया सारजाबाईकडे येत.

"काय रं पुंजाराम, आज बी रुसली व्हय?" ती रस्त्यापलीकडून मुद्दाम ओरडून विचारी.

अखेर कंटाळून त्याने गिरणी तिच्या हवाली केली. तिने त्याच्यादेखत रिले पंधरावर फिरवला आणि पायलीभर दाणे एकदम ओतले. मोटार अडली नाही.

"वहिनी, तुमाला ठाव व्हतं?"

"पहिल्या दिसापासून. आता दळण आणलं असंल तर रांगेत उभा ऱ्हा."