मशीन बंद झाल्यावर

माझं काम असं आहे की ते नीट झालं की माझी गरज संपते. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणी हळू शिकतं. अशांसाठी नोकरी शोधायची, मालकाच्या गळी उतरवायची, सुरुवातीला त्यांच्यासोबत तिथं जायचं आणि मग हळूच अंग काढून घ्यायचं. लोक म्हणतात, "किती पुण्याचं काम हो ताई!" पुण्य गेलं चुलीत. संध्याकाळी अमरावतीच्या घराचं कुलूप काढल्यावर आतून कुणी विचारत नाही, जेवली का म्हणून.

अकोल्याची एक मुलगी होती, पंचविशीतली. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण हातांनी अशी बोलायची की बघणाऱ्यानं दमावं. आधी कपड्याच्या दुकानातलं काम तिनं सोडलं, मग बेकरीतलं. डाळमिलमध्ये तिला लावून दिलं तेव्हा तिच्या अम्मीनं माझा हात धरला. "ये आखरी है बाजी. इधर नहीं टिकी तो भाई घर में बिठा देगा." भाऊ बोलला म्हणजे बोलला. मुलीलाही ते ठाऊक होतं.

मिल मात्र तिच्यासाठीच बांधल्यासारखी निघाली. मशीन सुरू झाली की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, आणि धुळीपायी सगळ्या बायांची तोंडं ओढणीत बांधलेली. मग बोलायचं कसं? हातांनी! डाळ निवडता निवडता बाया पोतं मागायच्या, चहा मागायच्या, मालक आला की हवेत मिशी पिळून दाखवायच्या. माझी पोरगी दोन दिवसांत त्यांच्यात मिसळून गेली. मी मनात म्हटलं, जिंकलं बुवा.

कसचं काय. दुपारी मशीन बंद व्हायची, बाया ओढण्या सोडून डबे उघडायच्या आणि एकदम तोंडानं सुरू व्हायच्या. सासूचं, जावेचं, लग्नाचं. खी खी हसायच्या. ही एकीकडून दुसरीकडे बघत राहायची. कुणाला हलवून विचारलं, काय झालं, तर ती तळहात हवेत ढकलायची, म्हणजे नंतर सांगते. ते नंतर काही यायचं नाही. ती मला रागानं हातांनी सांगायची, "दुकानात नंतर, बेकरीत नंतर, घरी पण नंतर. मी काम सोडणार."

म्हणून मी रोज दुपारी तिच्याजवळ बसायला लागले. सकाळची बस धरून अकोल्याला यायचं, तिकडून ऑटोनं मिल. भिंतीशी आम्ही दोघी बसायचो. ती माझ्या डब्यातली वांग्याची भाजी संपवायची, मी तिच्या डब्यातला खिमा. बाया काय बोलतात ते मी हातांनी तिला सांगायची. खरं सांगते, घरी मी एकटी जेवते ती उभ्याउभ्याच, ओट्याशी. त्या भिंतीशी मला भूक लागायची.

एक दिवस बायांच्या मुकादमबाईनं मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. धिप्पाड बाई, बोलणं फाडकन.

"बाई, तुमी रोज कायले येऊन राहिल्या?"

"तिला सोबत म्हणून."

"सोबत! तुमी तिले झाकून बसता. आमी म्हणतो, तिची मॅडम हाये ना तिच्यापाशी, आपण कायले मधात जावं? तुमी या नका. मंग पाहू."

मला असा राग आला! म्हटलं, वा गं वा, इतके दिवस कुठं होती तुमची माया? पण परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत राग उतरला आणि नुसतं रिकामं वाटत राहिलं. बाईचं बरोबर होतं. मी जायचं बंद केलं.

पहिल्या आठवड्यात ती रोज फोनवर व्हिडिओ पाठवायची, हात चिडलेले. ये म्हणायची. मी मन घट्ट करून नाही म्हणायची. मग व्हिडिओ कमी झाले. मग आलेच नाहीत. सोडलं की काय काम? अम्मीला फोन केला तर म्हणाली, "जाती है रोज." मला सुख व्हायला पाहिजे होतं, नाही का?

महिनाभरानं कामाचं निमित्त काढून गेले. वांग्याची भाजी जरा जास्तच केली होती. मशीन बंद होती, तरी मिलमध्ये आवाज नव्हता. आधी वाटलं, बाया आज लवकर गेल्या. मग दिसल्या. गोल करून बसल्या होत्या, ओढण्या सोडलेल्या, तोंडात घास आणि हात चाललेले. मशीनसमोरच्या खुणा त्यांनी जेवणापर्यंत ओढत आणल्या होत्या. मधात माझी पोरगी. मुकादमबाईनं कुणाची तरी नक्कल केली आणि सगळ्या एकदम लोळून हसल्या.

मला पाहून पोरगी उठली, घट्ट मिठी मारली, ओढून शेजारी बसवलं. लगेच पुन्हा त्यांच्याकडे वळली. त्यांच्या खुणा मी कुठं शिकले नव्हते, कुठं शिकवतही नाहीत. पुन्हा हसू फुटलं. मी तिच्या खांद्याला हात लावून विचारलं, काय झालं?

तिनं त्यांच्यावरची नजर काढली नाही. डाव्या हाताचा तळवा माझ्याकडे करून हवेत ढकलला. नंतर.

मी मान हलवली आणि डबा उघडला.