भिंतीवर चढलेला उजेड

प्रिय इरा आणि नील,

नील, परवा तू पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. ओव्हनच्या जाळीवर तुझ्या जुन्या गाडीचा अख्खा हेडलाइट, आणि खाली तुझा मजकूर: "आजी, बिस्किटं नाहीत, दिवा भाजतोय." इराने त्यावर हसणारे चेहरे पाठवले, मीही एक पाठवला. पण मग तू लिहिलंस की हेडलाइटच्या प्रोजेक्टरचा असाच एक जादा संच डिसेंबरात अमेरिकेहून मुंबईला आणशील आणि मामाच्या गाडीला स्वतः बसवून देशील. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. मामाला मी फोन करून नको म्हणून सांगितलंय. का, ते तुम्हाला लिहूनच कळवते, कारण फोनवर तुम्ही नुसतं "हो आजी, हो आजी" करता.

तीसेक वर्षं पोलीस खात्यात काढली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, आरोपींची तोंडं आठवत नाहीत. एका साध्या रस्ता अपघाताचं मात्र अक्षर न् अक्षर डोक्यात आहे, आणि ते मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होते. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या अंगाने चढत जाणारा एक रस्ता आमच्या हद्दीत होता. एका बाजूला दगडी संरक्षक भिंत, पदपथ नाही, मध्येच एक वळण. थंडीचे दिवस, संध्याकाळचे सव्वासात. चढाने जाणारी एक रिक्षा त्या वळणावर एकदम डावीकडे गेली आणि भिंतीलगत चालणाऱ्या एका बाईंना घेऊन भिंतीवर घासली. बाई पाळणाघरात मुलं सांभाळायच्या, काम संपवून घरी निघाल्या होत्या. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, डोक्यालाही मार लागला. पहिले चार दिवस त्या वाचतील की नाही हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते.

रिक्षावाला पळाला नाही. त्याच रिक्षात घालून त्याने बाईंना रुग्णालयात पोचवलं आणि तिथून थेट ठाण्यात येऊन उभा राहिला. शर्टाची पुढची बाजू रक्ताने भरलेली. रिक्षा जागेवरून हलवल्यामुळे पंचनामा अर्धवट राहणार होता, म्हणून आमचे हवालदार आधी त्याच्यावरच चिडले. माणूस पन्नाशीचा, मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर या मुलाने रिक्षा धरली होती. इतक्या वर्षांत त्याच्या नावावर एकही अपघात नव्हता.

"प्यायला आहेस?" मी विचारलं.

"नाय मॅडम. तपासून घेवा."

तपासणी झाली. काही निघालं नाही.

"मोबाइलवर बोलत होतास?"

"खिशात होतो."

"मग रिक्षा भिंतीकडे का घेतलीस?"

"मी नाय घेतलंय. समोरसून गाडी इली, तिचो उजेड डोळ्यांत घुसलो. काय एक दिसाक नाय."

"सगळ्यांच्याच डोळ्यांत घुसतो," हवालदार म्हणाले. "गेल्या महिन्यात तिघांच्या घुसला."

"तसो नाय ओ! भिंतीर चढलो." त्याने हाताने हवेत एक आडवी रेघ ओढली आणि ती रेघ स्वतःच्या बाजूला आणून वर चढवून दाखवली. "असो सरळ इलो, आणि माझ्या बाजूक येवन असो वर चढलो. पायरी असता ना, तसो."

हवालदारांना हसू आवरेना. "लिहा मॅडम, पायरीवाला लाइट. लग्नाची रोषणाई होती काय रे?"

मी लिहून घेतलं. जबाब ज्याचा, शब्द त्याचे, हा नियम मी कधी मोडला नाही. पण मनात मी त्याला बाजूला सारून टाकलं होतं. समोरून उजेड आला, ही सबब वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाकडे तयार असते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात समोरून एक गाडी आलेली दिसत होती खरी, पण चित्रात नुसता पांढरा भपका. नंबर दिसत नव्हता, रंगही नाही. त्या गाडीने कुणाला स्पर्शही केलेला नव्हता, त्यामुळे तिला शोधायची घाई कुणालाच नव्हती. मलाही नव्हती.

बेदरकारपणे वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला, रिक्षा जप्त केली. जामीन लगेच झाला, पण रिक्षा ठाण्याच्या आवारात उभी आणि परवाना रद्द व्हायच्या वाटेवर. तो रोज सकाळी येऊन रिक्षाकडे बघायचा आणि माझ्या टेबलाशी येऊन बाईंची चौकशी करायचा. त्या वाचल्या हे सांगितलं त्या दिवशी तो बाकावर बसून रडला. पायरीचं मात्र प्रत्येक वेळी सांगायचा.

पंधरा दिवसांनी आला तो वेगळाच होऊन.

"मॅडम, लिवा. माझी चूक झाली. वकील म्हणता, कबूल कर, शिक्षा भोग नि मोकळो हो."

"आणि ती पायरी?"

"खंयची पायरी? माका तसा वाटला असतला."

मला त्या क्षणी बरं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. कागद सरळ झाले होते. हवालदारांनी चहा सांगितला. "मॅडम, आता उद्याच दोषारोपपत्र. विषय संपला," म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी कुकर लावला आणि भातात पाणी घालायला विसरले. जळका वास आला तेव्हा तुमचे आजोबा स्वयंपाकघरात आले. "कसला विचार करतेस गं?" म्हणाले. इतके दिवस माझ्या डोळ्यांत बघून भांडणारा माणूस आज माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून बोलला होता, एवढंच खटकत होतं. एवढ्यावरून तपास थांबवता येत नाही. तरी मी दोषारोपपत्र दोन दिवस अडवून धरलं. वरिष्ठांनी कारण विचारलं असतं तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला.

"त्या चढावरच्या रिक्षाचा तपास कोण बघतं?"

"मीच बघते. बोला."

"ज्यानं कुणाला धक्कासुद्धा लावला नाही, त्याला तुम्ही पकडता का?"

"त्यानं केलंय काय?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिने वळणाच्या वरच्या अंगाची एक सोसायटी सांगितली. "तिथल्या पार्किंगच्या भिंतीवर निळ्या टेपच्या रेघा आहेत. बघून या." आणि फोन ठेवला.

निनावी फोन बहुतेक सूड म्हणून येतात. त्यात नाव असतं, शिव्या असतात. या फोनमध्ये नुसती भिंत होती, म्हणून मी त्याच दिवशी संध्याकाळी हवालदारांना घेऊन निघाले.

पार्किंग इमारतीच्या खाली होतं. भिंतीवर निळ्या टेपची एक आडवी रेघ, दोन उभ्या, आणि उजवीकडे एक तिरकी वर गेलेली. पुढे कापडी आवरण घातलेली जुनी गाडी. रखवालदार म्हणाला, "ही साहेबांची प्रयोगशाळा. रविवारी इथं कुणाला उभं राहू देत नाहीत." मग आपणहून म्हणाला, "पंधरा-वीस दिवस झाले, गाडी बाहेरच काढली नाही."

गाडीचे मालक साठीचे, एका कारखान्याच्या आराखडा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी अदबीने वर घरी नेलं. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि विचारलं, "साखर चालेल ना?" आवाज तोच होता, फोनवरचा. मी कपाकडे बघत राहिले. खबर देणाऱ्याकडे चारचौघांत बघायचं नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

मी अपघाताचं नाव काढलं नाही. दिव्यांचं विचारलं. आपल्या हातच्या कामाबद्दल बोलताना माणूस खोटं बोलत नाही, त्याला ते सुचतच नाही. गृहस्थ खुलले.

"मॅडम, गाडी अजून झकास चालते, पण जुन्या दिव्यांचा उजेड मेणबत्तीसारखा. त्यात माझे डोळे आता असे. मग म्हटलं, आपणच करू. हेडलाइट काढला, ओव्हनमध्ये थोडा तापवला, म्हणजे काचेभोवतीचा गोंद मऊ होतो. काच अलगद सोडवली. आत प्रोजेक्टर म्हणजे भिंगाचा दिवा बसवला आणि काच परत लावली."

"आणि माझा ओव्हन कायमचा गेला," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "केकला अजून रबराचा वास येतो."

"अगं, मॅडमना काय सांगतेस ते!"

"त्यांनीच विचारलंय ना? मग सगळंच सांगा."

"शिकलात कुठे?" मी विचारलं.

"व्हिडिओ बघून. एका अमेरिकन माणसाचा आहे. एकेक पायरी थांबवून थांबवून पाहिली. त्यानं वापरला तोच संच मागवला. त्याच्या भिंतीवर जशी रेघ पडते तश्शी माझ्या भिंतीवर पडते. तसूभर फरक नाही."

"दाखवता का?"

आम्ही खाली आलो. त्यांनी आवरण काढलं, इंजिन चालू केलं, जवळचा झोत लावला. भिंतीवर सुरीने कापावी तशी रेघ उमटली, वर अंधार, खाली पांढरा उजेड. डावीकडून सरळ येत होती ती रेघ, आणि उजवीकडे जाऊन वर चढत होती.

हवालदार माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, पायरी."

मी गृहस्थांना विचारलं, "आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूने गाडी चालवतो?"

"डावीकडून."

"आणि तो व्हिडिओवाला?"

ते उत्तर देणार होते, तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पुढे होऊन त्या तिरक्या टेपवर हात ठेवला.

नील, तुला हे माहीत असेल, इराला सांगते. उजेडाची ती पायरी रस्त्याच्या कडेला चालणारा माणूस दिसावा म्हणून असते. तुमच्याकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तुमच्याकडे पायरी उजवीकडेच हवी. आमच्याकडे ती डावीकडे लागते. तीच उजवीकडे आली की समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाते. त्या गृहस्थांनी काम निष्काळजीपणे केलं नव्हतं. अतिशय काळजीपूर्वक, तंतोतंत चुकीचं केलं होतं.

"गाडी झाकून का ठेवलीत?" मी विचारलं.

त्यांनी दिवे बंद केले. "रिक्षावाल्यानं हात डोळ्यांवर घेतला होता. मला दिसलं. मागे आवाज झाला तोही ऐकला. आरशात माणसं धावताना दिसली. पण मी कुणाला लागलो नव्हतो ना मॅडम. थांबून मी काय केलं असतं?"

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देणं माझं काम नव्हतं. पंच बोलावून भिंतीचा पंचनामा केला, दिवे जप्त केले. नंतर मोटार वाहन निरीक्षकांच्या समक्ष तीच गाडी त्याच वळणावर उतरवून रिक्षाच्या जागेवरून पाहणी झाली. मी स्वतः रिक्षात बसले होते. क्षणभर मला माझे हातही दिसले नाहीत. निरीक्षकांचा अहवाल आला आणि रिक्षावाल्याचं नाव आरोपींतून साक्षीदारांत गेलं. गृहस्थांनी न्यायालयात काहीही नाकारलं नाही. फोन कुणी केला होता हे त्यांना कधी कळलं नाही.

हा तपास मी सोडवला असं ठाण्यात सगळे म्हणाले. मला ते कधी पटलं नाही. सोडवणारं वाक्य पहिल्याच दिवशी माझ्या हातांनी मी लिहून घेतलं होतं. पुढचे पंधरा दिवस आम्ही ते एका माणसाकडून खोडून घेतलं, तेही त्याला एक बोट न लावता. रोज थोडं हसून. मारहाणीने घेतलेला जबाब खोटा असतो हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. कंटाळून दिलेला जबाबही खोटाच असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर शेवटची दोन वर्षं, कुणी माझ्या मनासारखं बोलायला लागलं की मी त्याला परत बसवायची आणि पहिल्यापासून विचारायची. कामं तुंबली. वरिष्ठ रागावायचे.

रिक्षा परत द्यायची होती त्या दिवशी मी त्याला बोलावलं. म्हटलं, "तुमचा पहिला जबाब खरा होता." मला वाटलं, माणूस आनंदेल.

तो म्हणाला, "मग तेव्हा माका हसलात कित्याक?"

हवालदार खाली मान घालून कागद चाळायला लागले. हसले ते होते, पण टेबल माझं होतं. "चूक झाली," एवढे दोनच शब्द लागत होते. मी ताबापावती पुढे सरकवली आणि म्हटलं, "इथे सही करा."

पाळणाघरातल्या त्या बाई आता काठीशिवाय चालतात, पाऊल थोडं ओढतात. तो माणूस मुलुंडमध्ये अजून रिक्षा चालवतो. कधी समोरून दिसला तर मान हलवतो, मीही हलवते. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.