फाटकाशी सरकणारी जावा

असोद्याच्या रेल्वे फाटकाशी उभा होतो, तेव्हा धुळ्याहून फोन आला. लोटन पहाटे झोपेतच गेला होता. डाव्या हाताने क्लच दाबलेला, कानाशी फोन, आणि माझी जावा मोटारसायकल नेहमीच्या खोडीने पुढे ओढ घेत होती. बातमी ऐकली, ब्रेकवरचा पाय सैल पडला आणि पुढचं चाक फाटकाच्या दांड्याला जाऊन टेकलं. "तुन्ही गाडीले घाई शे, तुले नही," असं तो मला चिडवायचा... 

लोटन माझा कॉलेजपासूनचा मित्र. माझी जावा, त्याची येझदी, दोघीही म्हाताऱ्या. सुटे भाग मिळेनासे झाल्यापासून एकीचं काढून दुसरीला घालणं हा आमचा रविवारचा उद्योग होता. धुळ्यात, देवपुरातल्या त्याच्या अंगणात पोतं अंथरून बसायचो. क्लचच्या प्लेटा निघाल्या त्याच क्रमाने परत बसाव्यात म्हणून मी कडेला कानशीने खुणा करायचो, आणि लोटन त्यालाही हसायचा. मागच्या वर्षी माझी एक प्लेट झिजून पार पातळ झाली. तो उठून कोपऱ्यातल्या येझदीशी खुडबुडत बसला, मी आत वहिनींशी बोलत होतो. बाहेर आलो तर त्याच्या हातात एक प्लेट. "मनाकडे पडेल व्हती," म्हणाला. माझी झिजलेली कुठे गेली, हे मी विचारलंही नाही. नवी प्लेट येझदीच्या मापाची, जराशी जाड. तेव्हापासून क्लच पूर्ण सुटेना, आणि गिअरमध्ये उभी केली की क्लच दाबूनही गाडी आपली आपण पुढे सरकायची. मी कुरकुर करायचो, तो दात काढायचा.

तो गेल्यावर मात्र त्या सरकण्याने मला धडकी भरायला लागली. सिग्नलला थांबलो की मागून कुणीतरी हलकेच ढकलतंय असं वाटायचं. मी मागे वळून पाहायचो, भरदुपारी, चारचौघांत. आणि तरीही ते थांबावं असं काही वाटत नव्हतं. गाडी दुरुस्त करायचं मी मुद्दाम टाळलं.

महिन्याभराने देवपुरात गेलो. त्याची लेक कल्याणी म्हणाली, "काका, पप्पांची गाडी मला चालवायचीये. पण पुलाच्या चढावर नुसती ओरडते, पुढे जातच नाही. आई म्हणते, भंगारात देऊन टाकू." तेच पोतं अंथरलं, येझदीचा क्लच उघडला. तिसऱ्या प्लेटच्या कडेला कानशीची खूण होती. माझ्या हातची. त्याच्याकडे जास्तीची पडून वगैरे काही नव्हती... आपल्या चालत्या गाडीतली चांगली प्लेट त्याने मला दिली होती, आणि माझी टाकाऊ स्वतःच्या गाडीत घातली होती. दारातून वहिनी म्हणाल्या, "ते पूलवर उतरीसन गाडी ढकलेत. इचारं तं म्हनेत, व्यायाम व्हस."

तशी प्लेट धुळ्यात शोधली, जळगावात शोधली, मिळाली नाही. मिळावी म्हणून इतकी वणवण मी कधी केली नव्हती, कारण न मिळाल्यास काय करावं लागेल ते मला ठाऊक होतं. शेवटी त्याच अंगणात जावा उघडली आणि प्लेटांची पुन्हा अदलाबदल केली. त्याची त्याला, माझी मला. कल्याणी येझदीवर बसली आणि पुलाचा चढ एका दमात चढून गेली. वहिनी पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. मी माझी गाडी चढावर उतरून ढकलत नेली.

असोद्याच्या फाटकाशी आता जावा शहाण्यासारखी उभी राहते. माझा पाय सवयीने ब्रेकवरच असतो. आगगाडी निघून जाते, दांडा वर होतो, मागचे हॉर्न वाजवून बेजार करतात... आणि मी तसाच थांबलेला असतो, तो ढकलेल म्हणून.